साखळी रहस्यकथा सहा जणांनी लिहायची आहे: चौथ्या प्रकरणात अडू नये म्हणून आधी काय ठरवावं?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आपल्या कट्ट्यावर रहस्यकथा लिहिणारे सहा आणि फडशा पाडणारे वीसेक आहेत, तर एक साखळी कथा होऊन जाऊ दे असं ठरलंय. प्रत्येकी एक प्रकरण, १८०० ते २००० शब्द, दर रविवारी एक, सातव्या रविवारी उकल. पहिलं प्रकरण माझ्याकडे आहे. आराखडा असा:

करवीर तालुक्यात नदीकाठी एक गुऱ्हाळघर. रात्र ३१ जानेवारी २०२६ ची. शेवटचं आदण (काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, एका वेळी आटवायचा रस) रात्री साडेअकराला उतरलं आणि गडी घरी गेले. पहाटे साडेपाचला जाळ घालणारा गडी आला तर मालक चुलवाणाच्या, म्हणजे भट्टीच्या, तोंडाशी पालथे पडलेले, डोक्याच्या मागे जखम, मोबाइल गायब. ओट्यावर त्या शेवटच्या आदणाचे दहा किलोचे चाळीस रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा. बाहेर मिट्ट काळोख. मग कोल्हापूरचे पोलीस आयुक्त येतात. डॉक्टर प्रेत बघून मृत्यू रात्री २ वाजून १० मिनिटांनी झाल्याचं सांगतात. संशय पुतण्यावर. तो म्हणतो, संध्याकाळी अंबाबाईच्या किरणोत्सवाला होतो, देवीच्या मुखावर किरणं पाहिली, रात्री शहरातच मित्राकडे राहिलो. शेवटी खुनी पोलिसांपुढे कबुली देतो आणि प्रकरण मिटतं.

अशा साखळी कथा चौथ्या प्रकरणाच्या आसपास अडतात. लिहिणारे एकमेकांच्या वाटा बुजवतात आणि शेवटचा गडी एकटा ओझं ओढतो. ते टाळायला आधी काय ठरवून घ्यावं? वाचणाऱ्यांना अंदाज बांधायला मिळावा पण चर्चेचा विचका होऊ नये, त्यासाठी नियम कोणते? आणि वरच्या आराखड्यात पोलीस, डॉक्टर, गुऱ्हाळ यांतलं काय खटकतंय ते मोकळेपणानं सांगा. प्रकरण अजून टाकलेलं नाही, सगळं बदलता येईल.

---

बिंदूचौक

खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी! एवढा ऐवज पहिल्याच दिवशी समोर टाकलात म्हणजे कट्टा महिनाभर जागा राहणार.

कट्ट्यावरचे आपले पंचनामा यायच्या आत दोन गोष्टी सांगून घेतो. कोल्हापूरला पोलीस आयुक्तालय नाही. जिल्ह्याचे प्रमुख पोलीस अधीक्षक, त्यांच्या वर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. आयुक्त आले की इथला वाचक पुस्तक मिटतो.

दुसरी गोष्ट चंद्राची. ३१ जानेवारी २०२६ ला माघ शुद्ध चतुर्दशी होती, दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. म्हणजे रात्रभर टिपूर चांदणं. मिट्ट काळोखच हवा असेल तर तारीख १८ जानेवारीकडे न्या, तेव्हा अमावस्या होती. पण मग किरणोत्सव हातचा जातो. मी म्हणेन चांदणं ठेवा, त्यात माल जास्त आहे. चांदण्यात माणसाची चाल ओळखू येते, उंची कळते, हातात काही आहे का ते दिसतं. रंग मात्र डोळ्याला नीट कळत नाही. बांधावरून पाहणारा साक्षीदार "लाल स्वेटर होता" असं छातीठोक सांगत असेल, तर त्यानं तो स्वेटर दुसऱ्या कधीतरी उजेडात पाहिलेला आहे. हा पुरावा तुम्हाला फुकट देतो, कुणीही उचला.

आणि किरणोत्सव. परंपरेप्रमाणे ३१ जानेवारीला मावळतीची किरणं देवीच्या चरणांपर्यंत येतात, १ फेब्रुवारीला मध्यापर्यंत आणि २ फेब्रुवारीला मुखापर्यंत. नोव्हेंबरात ९, १० आणि ११ ला हाच क्रम. ३१ ला मुखावर किरणं पाहिली म्हणणारा पुतण्या कोल्हापूरच्या वाचकाला जागच्या जागी खोटा दिसेल. मुद्दाम तसं हवं असेल तर उत्तमच, पण नाशिकच्या किंवा नागपूरच्या वाचकावर अन्याय नको. दुसऱ्या प्रकरणात महाद्वारातल्या एखाद्या फुलवालीच्या तोंडी हा तीन दिवसांचा क्रम सहज येऊन जाऊ दे. गावची माहिती कथेत छापलेली असेल तरच तिचा पुरावा होतो.

---

पान_उलट

रंकाळाकाठ, मुख्य प्रश्नाचं उत्तर मी घेतो, बाकीचे हत्यारं परजून बसलेच आहेत.

साखळी कथा चौथ्या प्रकरणात का अडते? पहिले तिघं पुरावे पेरतात, कारण पेरण्यात मजा असते. गोळा कुणीच करत नाही. चौथ्याच्या हातात सतरा धागे येतात. तो घाबरून अठरावा सोडतो किंवा एखादा जुळा भाऊ आणतो. म्हणून चौथं प्रकरण आधीच राखून ठेवा. त्यात नवा पुरावा नाही, नवं पात्र नाही. दोन पात्रं समोरासमोर बसून आतापर्यंतचं सगळं मांडतात, एवढंच. हे प्रकरण तुमच्यातल्या सगळ्यात शिस्तीच्या माणसाला द्या. संवाद झणझणीत लिहिणारा दुसऱ्या प्रकरणात शोभतो, आणि सहावं त्याला द्या ज्याला आपल्या कल्पनेपेक्षा दुसऱ्याची सुटी टोकं जुळवण्यात आनंद वाटतो. असा माणूस सहांत एक तरी असतोच.

पुराव्यांचं माप ठरवून टाका: पहिल्या प्रकरणात तीन, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात दोन, चौथ्यात शून्य, पाचव्यात फार तर एक, सहाव्यात शून्य. आठ-नऊ पुरावे वाचकाच्या डोक्यात राहतात, पंधरा राहत नाहीत. खुनी दुसऱ्या प्रकरणाच्या शेवटापर्यंत पानावर आलेला हवा आणि त्याला निदान दोन वाक्यं बोलायला मिळालेली हवीत.

आता पाकिटाचा नियम. प्रत्येकानं आपलं प्रकरण देताना सोबत दीडशे-दोनशे शब्दांची स्वतःची उकल बंद पाकिटात, म्हणजे खासगी निरोपानं, एका न लिहिणाऱ्या राखणदाराकडे पाठवायची. खुनी कोण, का, कसं, आणि माझ्या प्रकरणातला प्रत्येक पुरावा त्यात कुठे बसतो. लंडनच्या डिटेक्शन क्लबातल्या लेखकांनी १९३१ साली अशीच एक कादंबरी मिळून लिहिली तेव्हा अट हीच होती. प्रत्येकानं मनात पक्की उकल ठेवूनच लिहायचं आणि आधीच्यांनी टाकलेली प्रत्येक अडचण प्रामाणिकपणे निस्तरायची. त्या वेगवेगळ्या उकली पुस्तकाच्या शेवटी छापल्याही होत्या. तुम्हीही छापा. एकाच ऐवजातून सहा वेगळे खुनी निघालेले बघणं ही अशा कथेची निम्मी मेजवानी असते.

पाकिटाचा खरा उपयोग वेगळाच आहे. "दार उघडलं आणि समोर उभा होता तो..." असं लिहून पळून जाणाऱ्याला त्यामुळे चाप बसतो. कोण उभा होता याचं एक तरी उत्तर त्याच्या पाकिटात हवं. नसेल तर राखणदार प्रकरण परत करणार.

नोंदवहीशिवाय मात्र सुरुवातच करू नका. सगळ्यांना दिसेल असा एक तक्ता: वेळ, ठिकाण, काय घडलं, कुणी सांगितलं, कोणत्या प्रकरणात आलं, आणि शेवटचा रकाना पक्कं की दावा. हा शेवटचा रकाना जीव की प्राण. तुमच्या आराखड्यातली एकच ओळ भरून दाखवतो:

रात्री ११.३० / गुऱ्हाळघर / शेवटचं आदण उतरलं / गुळव्यानं (गूळ करणाऱ्या कारागिरानं) पोलिसांना सांगितलं / प्रकरण १ / दावा

तुम्ही ही गोष्ट निवेदकाच्या तोंडून सांगितलीत तर ती पक्की होते आणि पुढच्या पाचही जणांचे हात बांधले जातात. गुळव्याच्या तोंडून आली तर दावा, मग तो खोटा बोलू शकतो, त्याचं घड्याळ मागे असू शकतं, कुणीतरी त्याला तसं सांगायला लावलेलं असू शकतं. निवेदकानं कधीच खोटं बोलायचं नाही. पात्रांना मोकळीक. पहिल्या प्रकरणात निवेदकाच्या पक्क्या गोष्टी पाच-सहाच ठेवा.

आणि आधीच्यानं लिहिलेलं खोडायचं नाही, फक्त त्याचा अर्थ बदलायचा. "ते प्रेत मालकांचं नव्हतंच" हे अर्थ बदलणं नव्हे, तो पाडाव आहे. एखादी विसंगती राहिलीच तर पुढच्यानं ती पुसण्याऐवजी तिला कारण द्यावं. कित्येकदा कथेतला सगळ्यात चांगला पुरावा तिथूनच निघतो.

लपवण्याबद्दल एक. पुरावा यादीत लपवायचा, पहिला किंवा शेवटचा ठेवायचा नाही, आणि त्याच्या पुढच्या वाक्यात वाचकाचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. हा नमुना बघा:

"ओट्यावर चुन्याची वाटी होती, भेंडीच्या रसाची बादली, घडी घातलेलं ओलं पोतं, मळी काढायचा झारा आणि दोन फावडी. एका फावड्याचा दांडा नवा होता."

सगळे फावड्याच्या दांड्यामागे धावतील. पण रात्रभर चुलवाणाशेजारी पडलेलं पोतं पहाटे साडेपाचला ओलं कसं? कुणीतरी ते थोड्या वेळापूर्वी भिजवलंय. वाचकाला सगळं दाखवलं, काही दडवलं नाही. आणि सहाव्या प्रकरणात तो कपाळावर हात मारून तुम्हाला दुवा देतो.

---

गुळव्या_भावा

पान_उलट, पोतं लई भारी हाय. आता गुऱ्हाळाचं मी सांगतो, कारण चाळीस रवे बघून जीव ऱ्हाईना.

एका आदणातून दहा किलोचे चाळीस रवे म्हंजे चारशे किलो गूळ. न्हाई निघत. काहील ल्हान-मोठी असती, पण साधारण धरा हजार लिटरच्या आसपास रस, त्याला दीड-पावणेदोन टन ऊस गाळायला लागतो, आन् गूळ पडतो पावणेदोनशे ते दोनशे किलो. म्हंजे अठरा ते वीस रवे. चाळीस रवे दोन आदणांचे.

पण भावा, ते खोडू नको. पान_उलटनं आत्ताच सांगितलं न्हवं, कारण द्यायचं. गडी म्हणत्यात साडेअकराला शेवटचं आदण उतरलं आन् आम्ही घरी गेलो. मग वीस रवे जास्तीचे आले कुठनं? त्या रात्री आणखी एक आदण निघालं. एक आदण आटवायला अडीच-तीन तास लागत्यात. बाराला रस टाकला तर पावणेतीन-तीनला काहील उतरणार. त्यो गूळ वाफ्यात, म्हंजे निववायच्या जागेत, ओतून, घोटून, रव्यात भरला तर पहाटे साडेपाचला वरनं घट्ट लागंल, पण दहा किलोचा गाभा कोमटच असणार. कुणी नुसता हात ठेवून कळत न्हाई, रवा फोडायला पायजे. पोलिसांनी रवा फोडायचं काय कारन? पर एखाद्या भुकेल्या पोरानं कोपरा फोडून खाल्ला तर? तुमचा साक्षीदार तयार.

दुसरं, काहील एकट्याला उतरत न्हाई. चार-पाच माणसं तरी लागत्यात, न्हाईतर कप्पी-साखळी. तवा एकट्यानं खून केला आन् एकट्यानं आदण काढलं असं लिहू नका. कप्पी हाय का न्हाई ते पहिल्या प्रकरणातच सांगून टाका, पुढं त्यावरनं संशयितांची संख्या ठरती. आन् गरम कडी धरायला ओलं पोतं लागतं, ते पान_उलटचं पोतं इथं बराबर बसतंय.

तिसरं, गूळ झाला का न्हाई हे गुळव्या बघतो. पाक थंड पाण्यात सोडला की गोळी व्हायला पायजे. जास्त आटला तर गूळ करपट, काळा. कमी आटला तर रवा बसत न्हाई, पाझरतो. शिकाऊ माणसानं चोरून काढलेलं आदण रंगावरनंच ओळखतंय. शाहू मार्केट यार्डातल्या सौद्यात जुना अडत्या वीस-वीस रवे वेगळे काढून सांगंल की हे दोन हातांचे हैत. हा शिन तिसऱ्या प्रकरणाला ठेवा.

रवे चिपाडानं झाकलेले दाखवू नका. चिपाड जाळायला आसतंय, गुळाला कापडच.

---

पंचनामा

बिंदूचौक यांनी आयुक्तांना परत पाठवलं त्याबद्दल आभारी आहे. पुढचं क्रमानं.

गावात प्रेत सापडलं की गडी आधी पोलीस पाटलाकडे पळतो. तो ठाण्याला कळवतो. कथा करवीर तालुक्यात आहे, तेव्हा बहुतेक करवीर पोलीस ठाणे, पण गाव नक्की करा. काही गावं दुसऱ्या ठाण्यांच्या हद्दीत येतात आणि हद्दीचा घोळ कथेत चटकन उघडा पडतो. ठाण्यातून उपनिरीक्षक आणि अंमलदार येतील, मग निरीक्षक, खून दिसतोय म्हटल्यावर स्थानिक गुन्हे शाखेचं पथक, ठसेतज्ज्ञ, श्वानपथक. अधीक्षक किंवा अपर अधीक्षक भेट देऊन जातील, पण तपास ते स्वतः करत नाहीत. तुमचा नायक निरीक्षक किंवा सहायक निरीक्षक असू दे. श्वानाला फार कामाला लावू नका. ते रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळतं, इतकंच बहुतेक वेळा होतं.

१ जुलै २०२४ पासून कलमं बदलली. खुनाचं कलम भारतीय न्याय संहितेचं १०३. जुना हवालदार बोलताना "तीनशे दोन" म्हणेल, ते कानाला गोड लागतं आणि खरंही वाटतं, पण कागदावर १०३ च लिहा. मृत्यू संशयास्पद असेल तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली मरणोत्तर पंचनामा, दोन किंवा अधिक पंचांसमोर. जखम इतकी स्पष्ट असेल तर थेट गुन्हा दाखल. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता कायद्यानं करावं लागतं, कलम १०५. म्हणजे "पंचांनी न बघताच सही केली" हा जुना वळसा पूर्वीइतका सोपा राहिला नाही. उलट त्या चित्रीकरणाच्या एका कोपऱ्यात ओट्यावरचं पोतं दिसू शकतं. पाचव्या प्रकरणाला याहून चांगली भेट नाही.

कबुलीचं मात्र पूर्ण बदलावं लागेल. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम २३. पूर्वीच्या कायद्यात हेच २५, २६ आणि २७ मध्ये होतं. चालतो तो फक्त तेवढा भाग ज्यामुळे नवी वस्तू सापडली. आरोपी पंचांसमोर म्हणाला, "मोबाइल मी मळीच्या खड्ड्यात टाकला, दाखवतो", आणि तिथे तो सापडला, तर सापडण्याशी जोडलेलं वाक्य ग्राह्य. "मीच मारलं" हे वाक्य नाही. याला पोलीस निवेदन पंचनामा म्हणतात. हा फरक तुमच्या शेवटाला धार देईल: खुनी सगळं कबूल करतो आणि तरी निरीक्षकाच्या हातात फक्त एक मोबाइल असतो. दंडाधिकाऱ्यांपुढची कबुली वेगळी, ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली आणि बऱ्याच सावधगिरीनं नोंदवली जाते.

अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावंच लागतं. खुनाच्या गुन्ह्यात ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपी जामिनाचा हक्क मागू शकतो. आणि कथा २०२६ ची आहे म्हणून सांगतो, उच्च न्यायालयातल्या जामिनासाठी वकिलाला मुंबईच्या गाडीत बसवू नका. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सुरू आहे.

मोबाइलबद्दल. टॉवरवरून माणूस गुऱ्हाळघरात होता की शेजारच्या मळ्यात हे कळत नाही, ग्रामीण भागात एकेका टॉवरची कक्षा काही किलोमीटरची असते. पुतण्या शहरात नव्हता एवढं मात्र नक्की कळेल. सीसीटीव्ही वापरणार असाल तर यंत्रातली वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहितात हे लक्षात ठेवा. सात मिनिटं पुढे असलेलं पेट्रोल पंपाचं घड्याळ एखाद्याचा बचाव उभा करतं किंवा पाडतं. शिवाय फुटेज कायम राहत नाही, जागा भरली की जुन्यावर नवं चढतं. तिसऱ्या आठवड्यात मागायला गेलेला उपनिरीक्षक रिकाम्या हातानं परतणं अगदी शक्य आहे.

---

निदान

पंचनामा यांच्या मागोमाग येते, कारण प्रेतही त्यांच्या मागोमागच येतं.

"२ वाजून १० मिनिटं" हे कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. अहवालात नेहमी पट्टा असतो: तपासणीच्या आधी अमुक ते तमुक तास. आणि तुमचं प्रेत चुलवाणाच्या तोंडाशी आहे, त्यामुळे तो पट्टाही डळमळीत होतो. शरीर थंड व्हायचा वेग भोवतालच्या हवेवर ठरतो. जानेवारीच्या रात्री उघड्यावरचं प्रेत भराभर निवेल, निखाऱ्यांशेजारचं निवणारच नाही. ताठरपणाचा पाठ्यपुस्तकातला ठोकताळा असा की साधारण १२ तासांत तो पूर्ण येतो, १२ तास टिकतो आणि पुढच्या १२ तासांत उतरतो. उष्णतेत तो लवकर येतो आणि लवकर उतरतो. म्हणजे ऊब मृत्यू अलीकडचा असल्याचं भासवते आणि ताठरपणा जुना असल्याचं. दोन खुणा एकमेकींशी भांडायला लागल्या की हुशार डॉक्टर विचारते, प्रेताची जागा बदलली का?

त्याचं उत्तर डागांत आहे. मृत्यूनंतर रक्त खालच्या बाजूला साकळून जांभळट डाग पडतात. सुरुवातीला दाबले की फिके होतात, साधारण ६ ते १२ तासांत पक्के होतात. मालक पालथे सापडले आणि पक्के डाग पाठीवर असतील, तर ते कित्येक तास उताणे होते आणि नंतर कुणीतरी उलटवले. मग गुळव्याचा तो साडेअकराचा दावा, "मालक तेव्हा ठणठणीत होते", डोक्यावर पडतो. पान_उलट यांच्या तक्त्यातला शेवटचा रकाना इथे कामाला येईल.

शवविच्छेदन सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात. नोव्हेंबर २०२१ पासून सोय असलेल्या रुग्णालयांत सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करता येतं, पण खून किंवा घातपाताचा संशय असलेली प्रकरणं त्यातून वगळली आहेत, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर. तेव्हा "रात्री अकराला तातडीनं पीएम" लिहू नका. सकाळी करा, वेळ कथेत भरपूर आहे.

व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे भाग) राखून ठेवला तर तो मिठाच्या संपृक्त द्रावणात जातो, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तुकडे १० टक्के फॉर्मेलिनमध्ये. या दोन बरण्यांची अदलाबदल झाली की विषाची तपासणी बिघडते. प्रयोगशाळेचा अहवाल दुसऱ्या दिवशी येत नाही, आठवडे जातात, कधी महिने. म्हणून अहवालावर उकल टेकवू नका. आणि चुलवाणाजवळ भाजल्याच्या खुणा दाखवायच्या असतील तर ठरवा, जिवंतपणीच्या की नंतरच्या. जिवंतपणी धूर ओढला असेल तर श्वासनलिकेत काजळी मिळते. नंतर ठेवलेल्या प्रेतात ती नसते.

गुळव्या_भावा, तुमच्या कोमट गाभ्याला माझा मुजरा. प्रेतापेक्षा गूळ जास्त खरी वेळ सांगतोय असं मी तरी पहिल्यांदाच बघते आहे.

---

शेवटचं_पान

लिहिणाऱ्यांचं झालं, आता आम्हा वाचणाऱ्यांचं ऐका. वाचनालयाच्या पुस्तकात पान ४० वर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवणारी जमात इथेही आहे, तिच्यासाठी नियम हवेतच.

अंदाज तिसऱ्या प्रकरणानंतर उघडावेत आणि पाचवं पडायच्या आदल्या रात्री बंद व्हावेत. उघड धाग्यावर नाही, राखणदाराकडे. नुसतं नाव धरायचं नाही. नाव, कारण आणि निदान दोन पुरावे प्रकरणाच्या क्रमांकासह. गुण दहा: नावाला दोन, कारणाला तीन, पुराव्यांना पाच. म्हणजे चुकीचं नाव घेऊनही ज्यानं पोतं पकडलं त्याचा मान राहतो. चर्चेच्या धाग्यावर प्रश्न विचारायला पूर्ण मोकळीक ठेवा, "काहिलीला कप्पी होती का?" असं. लेखकानं उत्तर द्यायचं ते फक्त छापून आलेल्या मजकुरातून.

लिहिणाऱ्यांकडून एक वचन हवं. वाचकानं बरोबर ओळखलं म्हणून खुनी बदलायचा नाही. ओळखलं याचा अर्थ तुम्ही पुरावे नीट दिलेत. ऐनवेळी बदललेला खुनी वाचकाला लगेच कळतो, कारण त्याच्या मागे एकही पाऊल उमटलेलं नसतं.

आणखी एक अडचण आहे, कुणी बोललं नाही म्हणून सांगते. वीस जादा रवे, ओलं पोतं, लाल स्वेटर, पाठीवरचे डाग, मुखावरची किरणं, हे सगळं या धाग्यावर आम्ही वाचलंय. यांतल्या कशावरही उकल टेकवता येणार नाही. रवे आणि किरणं उघड ठेवा, निरीक्षकालाही पहिल्या दोन प्रकरणांत दिसू दे. त्यातून दुसरं आदण निघालं हे सगळ्यांना कळतं, पण ते कुणी आणि कशासाठी काढलं हे कळत नाही. खरं कोडं तिथे हलवा. बाकीचे तीन वगळा आणि त्यांच्या जागी नवे तीन पाकिटात टाका.

---

रंकाळाकाठ

मंडळी, आराखडा सोन्याचा करून दिलात.

ठरवलेलं लिहून टाकतो. तारीख ३१ जानेवारीच, चांदण्यासकट. आयुक्त गेले, करवीर ठाण्याचे सहायक निरीक्षक आले. गुऱ्हाळघरात कप्पी नाही, हे निवेदकाच्या तोंडून पक्कं. साडेअकराची वेळ गुळव्याच्या तोंडून, दावा. चाळीस रवे राहतील, आणि "एका आदणाचे" हे शब्द आता गड्याच्या तोंडी जातील. कबुलीनं शेवट नाही, निवेदन पंचनाम्यानं. चौथं प्रकरण निदान ताईंनी घ्यावं आणि सहावं पान_उलट यांनी, बाकीचा क्रम उद्या सगळ्यांना विचारून.

एकच शंका राहते. पाचव्या प्रकरणाच्या लेखकाला आधीच्या चौघांची पाकिटं उघडून बघू द्यावीत का?

---

पान_उलट

नाही. पाचव्यानं पाकीट बघितलं की तो ज्येष्ठ लेखकाच्या उकलीकडे झुकतो आणि बाकीच्यांची मेहनत वाया जाते. त्याला नोंदवही पुरेशी आहे. फक्त सहाव्याला एक सवलत द्या: एखादा पुरावा कुठेच बसत नसेल तर त्यानं राखणदाराला विचारावं, आणि राखणदारानं त्या एका पुराव्यापुरतं त्याच्या लेखकाचं स्पष्टीकरण सांगावं. नाव न घेता.

सहावं घेतलं. राखणदार शेवटचं_पान हिलाच करा. कुणाचं काही पोटातून बाहेर पडणार नाही अशी दुसरी व्यक्ती कट्ट्यावर नाही.

---

शेवटचं_पान

होते राखणदार. मग मला अंदाज लावता येणार नाही, ते मान्य आहे. प्रकरण आणि पाकीट दोन्ही शनिवारी रात्री ९ पर्यंत माझ्याकडे पोचायला हवं, म्हणजे रविवारी टाकायच्या आत नोंदवहीशी ताडून बघता येईल. पाकिटात खुन्याचं नाव, कारण, पद्धत आणि प्रत्येक पुराव्यापुढे एक ओळ. "नंतर ठरवू" असं लिहिलेलं पाकीट परत येईल, मग ते रंकाळाकाठ यांचं असलं तरी.